अतिरिक्त दुवा

एका शब्दावरून चार शहाणी माणसं सबंध दुपार भांडत होती, आणि ऋजुता सबनीसला त्या भांडणाची मनातून मजा वाटत होती.

शब्द होता रिडंडन्सी. त्याला मराठीत काय म्हणायचं? संकुलता अभ्यास केंद्राने तयार केलेली ‘वीण’ ही संगणकप्रणाली पहिल्यांदाच एका जिल्ह्याच्या कारभारात वापरली जाणार होती आणि पडद्यावरचं अक्षरन् अक्षर मराठीत हवं, अशी सरकारची अट होती. म्हणून शब्दकोश करायचा होता. त्या कामाची प्रमुख होती शमीम मुलाणी. तळ्यांमधल्या जीवसृष्टीचा अभ्यास करणारी शमीम ही ऋजुताची वसतिगृहापासूनची मैत्रीण. ऋजुता गणिती. ‘वीण’ मुळात तिची.

“आमच्याकडे हे सोपं आहे,” अभियांत्रिकीचे पाटणकर म्हणाले. “एका पंपावर भागत असतं तरी आम्ही दोन बसवतो. दुसरा तो रिडंडंट. ‘जोडीचा’ म्हणा.”

“आमच्याकडे त्यालाच वाया गेलेला खर्च म्हणतात,” अर्थशास्त्राच्या बोरवणकर बाई चष्मा पुसत म्हणाल्या.

“तळ्यात शेवाळ खाणारे पाच-सहा जातींचे जीव असतात,” शमीम म्हणाली. “चांगल्या वर्षी वाटतं, एवढे हवेत कशाला? वाईट वर्षी त्यांतला एखादाच तगतो, आणि त्याच्या जिवावर तळं तगतं. मी ‘राखीव’ म्हणेन.”

“राखीव म्हटलंत की लोक आरक्षणाचा जीआर शोधायला लागतील,” पाटणकर म्हणाले आणि सगळे हसले.

त्याआधी संकुलता, म्हणजे कॉम्प्लेक्सिटी, या खुद्द विषयाच्या नावावरूनही असंच झालं होतं. पाटणकर ‘गुंतागुंत’ म्हणत, कारण त्यांच्या मते गुंता सोडवायचा असतो. शमीमला तो सोडवायचा नव्हता, नुसता पाहायचा होता. बोरवणकर बाईंना त्याची किंमत ठरवायची होती. प्रत्येक जण आपापल्या शास्त्राच्या खिडकीत उभा राहून एकाच अंगणाबद्दल बोलत होता.

“अतिरिक्त,” ऋजुता म्हणाली. “गरजेपेक्षा जास्त. ना चांगलं, ना वाईट. नेमका शब्द आहे.”

शमीमने तिच्याकडे रोखून पाहिलं. “नाव ऋजुता आणि विषय सगळा वाकड्या रेषांचा. तुला सरळ शब्द कसा गं सापडतो? बरं बाई, अतिरिक्त.” आणि तिने शब्दकोशावर सही केली.

‘वीण’ काय करते हे समजावताना ऋजुताला सुंभाने विणलेल्या बाजेचा दाखला आवडायचा. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव, दवाखाना, बाजार, डेअरी ही एकेक गाठ. त्यांच्यामधली माणसांची, दुधाची, औषधांची, निरोपांची ये-जा हे धागे. तिकिटं, टँकर, रुग्णवाहिका, मोबाइल यांच्या नोंदींवरून ‘वीण’ ही सारी बाज संगणकात विणून काढायची आणि मग कल्पनेतच तिचे धागे कापून पाहायची.

गंमत अशी की अशी बाज हळूहळू झिजत नाही. एक धागा कापा, बाजूचे धागे त्याचा भार उचलतात. दुसरा कापा, तिसरा कापा, वर झोपलेल्याला काही कळतही नाही. आणि मग एक असा धागा येतो की तो कापल्यावर सगळी बाज एकदम खाली बसते. त्या जागेला ऋजुताच्या शास्त्रात उंबरठा म्हणतात. थंड होत जाणारं पाणी एका क्षणी बर्फ होतं, तो असाच उंबरठा. शमीमचं नितळ तळं एखाद्या मोसमात अचानक हिरवं पडतं, तोही तसाच. बोरवणकर बाईंच्या शास्त्रात भक्कम बँकेपुढे एका सकाळी ठेवी काढायला रांग लागते. चार शास्त्रांच्या चार भाषा, पण कागदावर काढलेली रेषा एकच. ऋजुता या विषयाच्या प्रेमात पडली होती ती त्या रेषेमुळे.

त्यात एक मेख होती. धाग्याचं महत्त्व त्या धाग्यात नसतं. बाकीचे किती धागे शिल्लक आहेत, यात असतं. म्हणून एकेक धागा काढून पाहणं आणि बरेच धागे मिळून काढून पाहणं ही दोन वेगळी गणितं होतात. पहिलं गणित तिने सगळ्या जिल्ह्यासाठी केलं होतं. दुसऱ्याला केंद्राचा मोठा संगणक बराच काळ लागणार होता आणि तिचा नंबर अजून लागायचा होता.

जिल्ह्याची बैठक सोनदरीला झाली. नियोजन अधिकारी तांबवेकर हा हुशार आणि उत्साही माणूस होता. चहा निवत ठेवून ते पडद्याजवळ जाऊन उभे राहिले. धरणाच्या निळ्या पाण्याभोवती जिल्ह्याचं जाळं पसरलेलं होतं आणि त्यात जागोजागी फिकट पिवळे धागे होते. एक धागा सरळ पाण्यावरून जात होता. तो आंबेतळ ते सोनदरी लाँचचा.

“मॅडम, हे पिवळे सगळे अतिरिक्त?”

“हो.”

“छान. म्हणजे यांचं समायोजन करता येईल.”

ऋजुताने हा शब्द घरी ऐकला होता. समायोजन. ती सहावीत असताना तिचे वडील एका संध्याकाळी शाळेतून घरी आले होते आणि चप्पल न काढता दारातच उभे राहून म्हणाले होते, “मी अतिरिक्त झालो.” आईचे कणीक मळणारे हात थांबले होते. त्यांच्या शाळेतली पटसंख्या घटली होती, एक शिक्षक जास्त ठरला होता, आणि पुढे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं समायोजन झालं होतं. पाटणकरांना, बोरवणकर बाईंना, शमीमला हा शब्द नुसता कोशातून माहीत असेल. सरकारी कचेरीत ‘अतिरिक्त’ म्हणजे काय, हे शब्दकोश करणाऱ्या चौघांपैकी फक्त ऋजुताला माहीत होतं.

“हे काढले तर काही बिघडेल का?” तांबवेकरांनी विचारलं.

“एकेक काढून पाहिलाय,” ऋजुता म्हणाली. “जाळ्याला फरक पडत नाही.”

वाक्य खरं होतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पण तांबवेकरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ‘एकेक’ नव्हतं, ‘फरक पडत नाही’ एवढंच होतं, आणि ते तिने स्पष्ट पाहिलं. आणखी एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर तयारही होतं.

“अशी स्पष्ट बोलणारी शास्त्रज्ञ पहिल्यांदा भेटली हो,” तांबवेकर सगळ्यांकडे वळून म्हणाले. “नाहीतर तुमच्या लोकांचं एक वाक्य ‘पण’शिवाय संपत नाही.”

सगळे हसले. ऋजुताही हसली. इतक्या वर्षांत तिचं गणित इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं. ‘पण’ने सुरू होणारं ते वाक्य तिने गिळलं.

पुढचं वर्ष कौतुकात गेलं. आंबेतळची लाँच बंद झाली, जुन्या घाटातली संध्याकाळची बस बंद झाली, आंबेतळच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर सोनदरीच्या मोठ्या रुग्णालयात हलवला गेला. सगळी वाहतूक धरणाच्या भिंतीजवळच्या नव्या रुंद पुलावरून होऊ लागली. आपोआप चालणाऱ्या वातानुकूलित बस वेळेवर धावू लागल्या. खर्च घटला. वर्तमानपत्रात ऋजुताचा फोटो आला. मोठ्या संगणकावर तिचा नंबर लागल्याचा निरोप आला, तेव्हा तिने तो वेळ एका सहकाऱ्याला देऊन टाकला. सगळं सुरळीत तर चाललं होतं.

आंबेतळ हे शमीमचं माहेर. तिथे तिची आई एकटीच राहायची, लोकांचे कपडे शिवायची आणि बाजाराच्या दिवशी लाँचने सोनदरीला बहिणीकडे जायची. ऋजुता तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणे.

“रुजू, तुझ्या मशीनने माझी लाँच खाल्ली गं,” एकदा शमीमच्या हातातून फोन घेऊन खाला म्हणाली.

“खाला, आता दारात बस येते की तुमच्या. एसी आहे.”

“एसीत गप्पा गोठतात, बाई. त्या बसला ड्रायव्हर पण नाही. भांडू कुणाशी? लाँचवर तो हिंदुराव कसा, तिकिटाआधी दोन शिव्या द्यायचा.”

“तुम्हाला की लाँचला?”

“लाँचला देतो म्हणायचा. बघायचा माझ्याकडे.”

ऋजुता खूप हसली होती. फोन ठेवल्यावरही हसतच होती. लाँच परत सुरू करायला एक ओळ लिहिणं पुरेसं होतं आणि तिचा शब्द मानला गेला असता. पण एका खालासाठी? असं एकेकाचं ऐकत बसलं तर शास्त्र कसलं, असं तेव्हा तिला खरोखर वाटलं होतं.

हिवाळ्यातल्या एका स्वच्छ सकाळी पुलाच्या मधोमध उसाच्या ट्रॉलीचा आस तुटला. वादळ नव्हतं, पूर नव्हता, कुणी नशेत नव्हतं. ऊस रस्त्यावर पसरला. मागची बस थांबली, तिच्यामागची थांबली. बसच्या यंत्रांना मागे वळायची मुभा पुलावर नव्हती, म्हणून एकही वळली नाही. लांबच्या गाड्यांना दुसरी वाट ठाऊकच नव्हती, त्या येतच राहिल्या. दुधाचे टँकर अडकले, सोनदरीच्या रुग्णालयाचे डॉक्टर, नर्स अडकले. क्रेन यायची तीही पलीकडूनच. दुपारपर्यंत अर्धा जिल्हा त्या एका पुलावर उभा होता, आणि गर्दीला पाठ करून उभा असलेला कुणी जर धरणाकडे पाहत असेल, तर त्याला काठावर उपडी घातलेली लाँच दिसली असेल.

त्या गर्दीत एक रुग्णवाहिका होती. तिच्यात खाला होती. सकाळी मशीनवर शिवता शिवता तिचा उजवा हात कापडावरच पडून राहिला होता. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली की औषध ठराविक वेळात द्यावं लागतं. ते औषध सोनदरीच्या रुग्णालयात होतं आणि लाँचच्या धक्क्यापासून ते रुग्णालय हाकेच्या अंतरावर होतं.

खाला वाचली. पण तिची भाषा गेली. म्हणजे, एक शब्द सोडून बाकी सगळी गेली. असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूतला बोलण्याचा भाग मरतो आणि एखादा सवयीचा शब्द तेवढा कुठेतरी अडकून राहतो. रोगी सगळ्याला तोच शब्द म्हणतो. त्यात फार अर्थ शोधू नका.

खालाकडे राहिलेला शब्द होता ‘बरं’.

शमीम रजा घेऊन आंबेतळला राहिली. ऋजुता भेटायला गेली तेव्हा खाला खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिने ऋजुताला ओळखलं. तोंडाच्या एका बाजूने हसली आणि म्हणाली, “बरं!”

“तू आलीस म्हणून,” शमीमने सांगितलं. “हे खुशीतलं. पाणी हवं असलं की आखूड म्हणते. राग आला की शेवट ओढते. डॉक्टर म्हणतात अर्थ नाही. त्यांना काय कळतंय? मला सगळे कळतात आता.”

चहा झाल्यावर दोघी ओट्याशी उभ्या होत्या. चौकशी समितीचा अहवाल आला होता. पुलावरच्या प्रकाराला कुणी एक जबाबदार नाही. मात्र शब्दकोशातल्या ‘अतिरिक्त’ या शब्दामुळे प्रशासनाची दिशाभूल झाली, असं त्यात म्हटलं होतं. शब्दकोशावर सही शमीमची.

“बरोबरच आहे,” शमीम कप विसळत म्हणाली. “‘राखीव’वर अडून बसायला हवं होतं मी. पण पाटणकरांनी ती आरक्षणाची पुडी सोडली आणि मीही हसले. माझ्याच आईला भोवलं. तू नको तोंड पाडून बसू. तुझं गणित चूक नव्हतं.”

ऋजुताच्या हातात कोरडं फडकं होतं. एक कप ती कितीतरी वेळ पुसत राहिली. ‘पण सगळे मिळून काढून पाहिले नव्हते’ हे वाक्य या वेळीही तिने गिळलं. आतून खालाचा आवाज आला, “बरं.” आखूड. शमीम पाणी घेऊन आत गेली.

परतीच्या बसमध्ये ऋजुताने आपल्या शास्त्रातला सगळ्यात जुना प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. कितवा धागा कापल्यावर बाज बसली? लाँच? डॉक्टर? घाटातली बस? की तिने देऊन टाकलेला संगणकाचा वेळ? उसाच्या ट्रॉलीचा आस? गुंतागुंतीच्या व्यवस्थेत एकच एक कारण नसतं, हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. विद्यार्थ्यांना ते वाक्य फार आवडायचं. तिलाही आवडायचं. आज पहिल्यांदाच तिला कळलं की ते किती सोयीचं आहे.

महिनाभराने ‘वीण’ आणखी सहा जिल्ह्यांत नेण्यासाठी मोठी बैठक भरली. ‘अतिरिक्त’च्या जागी ‘राखीव’ हा शब्द घातला होता आणि त्यावर सगळे समाधानी होते. तांबवेकर आता बढतीवर आले होते. ऋजुताला फक्त सादरीकरण करायचं होतं.

तिने पहिलं चित्र लावलं आणि तिथेच थांबली.

“शब्द बदलून भागणार नाही,” ती म्हणाली. “सोनदरीच्या बैठकीत मला विचारलं होतं, हे सगळे दुवे काढले तर चालेल का. मी सांगितलं, एकेक काढून पाहिलाय. विचारलं होतं सगळ्यांबद्दल, मी उत्तर दिलं एकेकाबद्दल. साहेबांचा गैरसमज झाला हे मला त्याच क्षणी कळलं होतं. अतिरिक्त म्हणजे कचेरीत काय होतं तेही मला ठाऊक होतं. डॉक्टर मुलाणींना ठाऊक नव्हतं. त्यांचा यात दोष नाही. सगळे दुवे मिळून काढण्याचं गणित मी केलंच नव्हतं. मागच्या आठवड्यात केलं. त्यातले निम्मे काढले तरी जिल्हा उंबरठ्याला टेकतो. प्रत्येक जिल्ह्याचं असं गणित होईपर्यंत ‘वीण’ तिथे नेऊ नये.”

मग तांबवेकर समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. तुम्ही खोटं काहीच बोलला नव्हता. मला आठवतंय ना. अगदी खरं बोलला होता.”

यापेक्षा त्यांनी चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

विस्तार थांबला. ‘वीण’ तिच्याकडून काढून पाटणकरांच्या गटाकडे दिली गेली. केंद्रातले लोक जिन्यात भेटले की आता हवापाण्याबद्दल बोलत. तिने ते मान्य केलं होतं. पण ज्या माणसाला सांगायचं ते अजून राहिलंच होतं.

ती आंबेतळला गेली तेव्हा अंगणात वाळत घातलेले कपडे शमीम काढत होती. खाला दाराशी खुर्चीत उन्हाला बसली होती. ऋजुता उभ्याउभ्याच बोलली. सोनदरीची बैठक, वडिलांचा शब्द, तांबवेकरांचा चेहरा, गिळलेलं वाक्य. देऊन टाकलेला संगणकाचा वेळ. ओट्याशी गप्प राहिली तेही. काही गाळलं नाही.

शमीमने एक चादर घडी केली. मग दुसरी.

“हे तू त्यांना आधी सांगितलंस की मला?”

“त्यांना.”

“का?”

“ते सोपं होतं.”

शमीमने मान हलवली, जणू एखाद्या तळ्याचं पाणी तपासून तिला अपेक्षित तेच उत्तर मिळालं होतं. “पाटणकरांचं हसणं मला महिनाभर झोपू देत नव्हतं,” ती म्हणाली. “मला वाटायचं, मी हसले म्हणून झालं. तू त्या दिवशी इथे होतीस. माझ्याशेजारी उभी राहून कप पुसत होतीस.”

“हो.”

“अम्मीला तुझ्या तोंडाने सांग. तिला सगळं कळतं. उत्तर देता येत नाही एवढंच.”

ऋजुता खालाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली. शास्त्रातला एकही शब्द न वापरता तिने सांगितलं. “खाला, तुमची लाँच मशीनने नाही खाल्ली. मला एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. मला शाबासकी मिळत होती म्हणून. ते बोलले असते तर लाँच चालू राहिली असती. तुम्ही वेळेवर पोचला असता.”

खालाने तिच्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. डावा, चालता हात मांडीवरून उचलला, मधेच थांबवला आणि परत मांडीवर ठेवला. मग ती म्हणाली,

“बरं.”

ते आखूड नव्हतं. ओढलेलंही नव्हतं. पहिल्या भेटीतलं तर नक्कीच नव्हतं. ऋजुताने ते मनात पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं आणि तिला त्याचा अर्थ लागेना. तिने मान वळवून शमीमकडे पाहिलं.

शमीमला कळलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

“काय म्हणाल्या त्या?” ऋजुताने विचारलं.

शमीमने कपड्यांचा ढीग छातीशी धरला, आईच्या खांद्यावर घसरलेला पदर एका हाताने सारखा केला आणि ती आत निघून गेली.